शुक्राला जागा लागत नाही

माणसानं मंगळावर वस्ती करावी की शुक्रावर, हा प्रश्न दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी सकाळी साडेनऊ वाजता राजारामपुरीतल्या एका तरुण मंडळापुढं आला. गणपती दीड महिन्यावर आले होते आणि देखावा ठरत नव्हता.

बैठक गल्लीच्या तोंडाशी, रत्नव्वाच्या चहापाशी भरली होती. एक टेबल, एक स्टोव्ह, दोन बाकडी आणि वर निळी ताडपत्री, एवढा तिचा संसार. बाकड्यांवर तेरा सभासद बसले होते. उरलेली गल्ली उभी राहून ऐकत होती.

अध्यक्ष बाळासो मंगळाच्या बाजूचे होते.

"जानेवारीत तिथं दोन गाड्या उतरल्यात. पेपरात फोटू आलाय. निसती लाल माती. आपल्या तालमीत काय कमी हाय व्हय लाल माती? रोज धा मानसं उतरवू मंगळावर."

मंडप घालणारा अल्लाउद्दीन वीस वर्षं याच मंडळाचं काम करत होता. त्यानं टेप ओढली.

"मंगळाला चाळीस फूट लागंल."

चाळीस फूट म्हणजे रत्नव्वाचं टेबल, स्टोव्ह आणि ताडपत्री धरून. रत्नव्वानं स्टोव्ह बारीक केला.

"तकडं मंगळावर आत्ता कोन ऱ्हातंय, अध्यक्ष?"

"कुनीच न्हाय, आक्का. म्हनून तर जायाचं."

"मग तकडंच जावा की. हितं मी हाय."

सगळे हसले. बाळासोही हसले. "धा दिवसांचा तर प्रश्न हाय, आक्का."

दोन वर्षांपूर्वी रत्नव्वा समोरच्या बाजूला बसायची. तेव्हाही दहा दिवसांचाच प्रश्न होता. अकराव्या दिवशी ती परत गेली, तर तिथं मोबाइलच्या दुकानाचा जिना उतरला होता. आता ही बाजू गेली, तर गल्लीला तिसरी बाजू नव्हती.

तेवढ्यात शिवकुमार सर बोलले. ते गल्लीतच एका वरच्या मजल्यावर अकरावी-बारावीचे फिजिक्सचे क्लास घेत. मंडळाला वर्गणी देत आणि सहसा गप्प बसत.

"माझ्या मते शुक्र घ्यावा."

"का?" बाळासोंनी विचारलं.

"गुरुत्वाकर्षण जवळपास आपल्याएवढं आहे. मंगळावर माणूस हलका होतो."

"आनि गरमी किती?"

"जमिनीवर साडेचारशे अंशाच्या वर. शिसं वितळतं."

"मग मानूस तिथं जाऊन काय करनार, सर? भडंग भाजनार?"

"जमिनीवर उतरायचंच नाही," सर शांतपणे म्हणाले. "पन्नास किलोमीटर वर, ढगांत, हवेचा दाब आणि तापमान आपल्यासारखं आहे. वस्ती तरंगती ठेवायची. खाली जागा लागतच नाही."

"ढग कसले?"

"गंधकाम्लाचे."

"म्हंजे ॲसिडचे."

"हो."

बाळासोंनी थोडा विचार केला. "ते बोर्डावर लिहायचं न्हाय."

रत्नव्वानं न विचारता सरांचा कप पुन्हा भरला. खगोलशास्त्रात तिनं आजवर कधी लक्ष घातलं नव्हतं. पण जागा न लागणारा ग्रह तिला एकदम पटला होता.

"सर बराबर सांगत्यात," ती म्हणाली. "शुक्रच करा."

मतदान झालं. जूनमध्ये शुक्र सूर्यावरून सरकला, तेव्हा सरांनी वेल्डिंगच्या काचेतून तो गल्लीला दाखवला होता, त्यामुळं तो ओळखीचा होता. मंगळाला चार हात, शुक्राला नऊ. रत्नव्वानंही गाळणीसकट हात वर केला. ती सभासद नसल्यामुळं तो मोजला गेला नाही. शुक्र तसाही निवडून आला.

"आनि टांगायचा कशाला?" अल्लाउद्दीननं विचारलं.

"वर," बाळासो म्हणाले.

"वर काय हाय? ढगातली वस्ती म्हंजे फळ्या, लाईटी, वर मानसं. चार खांब लागतील."

त्यानं चुन्याच्या फक्कीची पिशवी उचलली आणि गल्लीत खुणा मारायला घेतल्या. दोन खांब पलीकडच्या कडेला, गटाराशेजारी बसले. तिसरा विजेच्या डांबाजवळ. चौथा जोतीरामच्या झेरॉक्सपुढं येत होता.

"गिऱ्हाईक कुठनं शिरनार?" जोतीराम म्हणाला.

खांब तीन फूट सरकला, तर तो दवाखान्याच्या दारात आला. आणखी सरकला, तर सरांच्या क्लासच्या पायऱ्यांपाशी.

"तिथं मुलांच्या सायकली असतात," सर म्हणाले.

मग सगळे एकाच ठिकाणी बघू लागले. सर तेवढे कपात बघत होते.

"आक्का," बाळासो म्हणाले, "एकच खांब हाय. तुमी जरा सरका."

"कुठं सरकू?"

बाळासोंनी गल्लीभर नजर फिरवली. वर पाहिलं, खाली पाहिलं. "बघू की कायतरी."

अल्लाउद्दीननं स्टोव्हच्या पायाशी पांढरी फुली मारली. मारताना त्यानं रत्नव्वाकडं पाहिलं नाही.

रत्नव्वानं टेबलाखालची बादली ओढली. सकाळपासून कप विसळून त्यातलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं. ते तिनं रोजच्यासारखं पुढं ओतलं. फुली आधी फिकट झाली, मग पसरली, मग गटाराकडं निघून गेली.

"खून गेली की रं," बाळासो म्हणाले. "अल्लाउद्दीन, परत मार."

अल्लाउद्दीननं पिशवीच्या तोंडाला सुतळी गुंडाळली, घट्ट गाठ मारली आणि बाकड्यावर येऊन बसला. अजून चांगली दोन-तीन किलो भरेल अशी ती पिशवी त्यानं मांडीवर घेतली.

"फक्की संपली, अध्यक्ष," तो म्हणाला.