तीन पंगती

लढाईत नौदलातल्या उदारामचं जहाज बुडाल्याची खबर केशोरीत आली, तेव्हा त्याच्या घरी जातीचा पंच हिरालाल सगळ्यांच्या आधी पोचला. उदारामच्या बायकोच्या, शामकलेच्या बांगड्या त्यानंच फोडायला लावल्या आणि तेरवीच्या पंगतीत पहिल्या पानावरही तोच बसला.

वर्षभरानं, लढाई अजून सुरूच असताना, उदाराम सुट्टीवर जिवंत घरी आला. हिरालालनं त्याला दारातच अडवलं.

"घरात कसा येतेस गा? तुयी तेरवी खाल्ली आमी."

"पण मी जित्ता आहो ना, काका."

"तेरवी झाली म्हंजे झाली. पहिले तुयं बारसं, मंग बायकोसंग पुन्हा लगन. उंबरा त्याच्या मंग."

तोवर उदाराम गोठ्यात बैलांशेजारी झोपला आणि शामकला दारातून नुसती बघत राहिली. पंचांना मुहूर्त काही लवकर सापडेना. सापडला, तेव्हा पाळण्याला टेकवलेल्या त्या मिशीवाल्या बाळाच्या नावानं हिरालालनं वाटीवर वाटी खीर ओरपली. लग्नाची तिथी नेमकी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी निघाली.

पंच जेवून उठेपर्यंत नवरदेवानं उंबरा ओलांडायचा नव्हता. पंच ढेकर देत उठले, तेव्हा स्टेशनावर जायची बैलगाडी जुंपून उभी होती. उदाराम तसाच गाडीत बसला.

शामकला कपाळाच्या बाशिंगासकट दारात रडत उभी होती. मिशीवरचं तूप पुसत हिरालालनं तिची समजूत घातली.



"रडू नोको व पोरी. पुन्हा बुडाला तरी आमी आहोतच."