नऊ इंच

"गाडी दमदार आहे ताई, पण टोमॅटोच्या क्रेटची शेवटची रांग बसत नाही," नारायणगावच्या बाजारात एक ड्रायव्हर म्हणाला. मी टेप काढून त्याच्या पिकअपचा हौदा मोजला. नऊ इंच कमी पडत होते.

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चाकणच्या आमच्या कारखान्यात बनणाऱ्या त्या पिकअपला मागणीच उरली नव्हती. महिनाभरात लाइन बंद होणार होती. "नऊ इंचांनी काय होणार?" साहेब म्हणाले. मी डिझाइन विभागात नवखी होते, तरी हट्टाने एका गाडीपुरती परवानगी मिळवली. वेल्डर दगडूभाऊ लोंढ्यांनी जेवणाच्या सुट्ट्या सोडून तिचा हौदा वाढवला.

ती गाडी मी त्याच ड्रायव्हरसमोर नेऊन उभी केली. त्याने क्रेट चढवले. शेवटची रांग अलगद बसली आणि हौद्याचा मागचा फाळका बंद झाला.

"माझं नाव लिहा," तो म्हणाला. त्याच्यामागे बाकीचे ड्रायव्हर येऊन उभे राहिले.

दुपारपर्यंत ऑर्डरची वही भरली, म्हणून मी साहेबांना फोन केला. नव्या वह्या घेऊन ते स्वतः आले, बाजारातच एका उलट्या क्रेटवर बसले आणि नावं लिहू लागले.