वाकायचं नाही

"ही नको," टॅम्सिन म्हणाली. "आईच्या कवळीतल्या दातासारखी दिसते."

वेरा हसल्या आणि त्यांनी अंगठ्यांचा दुसरा ट्रे काढला. साठी ओलांडलेल्या वेरांचं ऑस्ट्रेलियात, पर्थ शहरात हे दागिन्यांचं लहानसं दुकान होतं.

"सावकाश बघ," खुर्चीत रेलून बसलेला कॅलम म्हणाला. "आज दिवसभर मी तुझाच."

टॅम्सिनचा पाय मात्र काउंटरखाली सारखा हलत होता. तीन वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती, पण तो असा यायला नको होता. मोठं लग्न नको, पाहुणे नकोत. मागणी घालताना त्याने गुडघा टेकावा, एवढं एकच तिला हवं होतं. त्याऐवजी तो तिला थेट दुकानात घेऊन आला होता. सोमवारी तिचं घर दोघांच्या नावावर व्हायचं होतं. त्याआधी अंगठी बोटात हवी, हा हट्ट तिचा.

"तूच निवड ना," ती त्याला म्हणाली. मग वेरांकडे वळली. "हा हिऱ्यांच्या खाणीवर असतो. दोन आठवडे तिकडे उत्तरेला, दोन आठवडे माझ्या डोक्यावर."

वेरांचे हात थांबले. "किंबर्लीत? अरे, मीही होते तिथे! नऊ वर्षं, खडे निवडायच्या खोलीत."

"काय सांगता!" कॅलम सरळ बसला.

"मग तुम्हीच सांगा," टॅम्सिन म्हणाली. "घरात चमचा पडला तरी हा उचलत नाही. म्हणे खाणीत वाकायचं नसतं. याचे मोजे गोळा करून माझी कंबर गेली."

वेरा खळखळून हसल्या. "खरं सांगतोय गं तो. पडलेली वस्तू उचलायची नाही, स्वतःचा रुमाल असला तरी. हात वर करून उभं राहायचं, पहारेकरी येईपर्यंत. वाकला तो हिरेचोर ठरून घरी गेला. मला खाण सोडून पंधरा वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरात बटाटा पडला की माझे हात वर. नवरा विचारतो, दरोडा पडलाय का?"

"हाडात मुरतं ते," कॅलम म्हणाला. "झोपेत उशी पडली तरी माझे हात वर जातात."

"म्हणून तर गुडघाही टेकत नाही," टॅम्सिन म्हणाली. ती हसली, पण कॅलमकडे न बघता.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलीस, पोरी! आमच्या ह्यांनी मला बसमध्ये विचारलं. तेही माझ्याकडून तिकिटाचे सुटे घेताना." वेरांनी मऊ कापडाने एक अंगठी पुसली. "का रे, टेलिफोनपाशी अजून तेवढीच रांग लागते का? आम्ही रोज संध्याकाळी घरी बोलायचो."

टॅम्सिनने कॅलमकडे पाहिलं. "तिथून फोन लागत नाही ना?"

"ते यांच्या वेळी. आता तो टेलिफोन काढला, आणि मोबाइलला रेंज नाही." कॅलमने ट्रेमधली एक अंगठी पुढे सरकवली. "ही बघ. छान आहे. घेऊन टाकू."

"इतक्यात?"

"भूक लागलीय गं."

तो दाराकडे बघत होता. मघाचा निवांतपणा कुठल्या कुठे गेला होता. याचा विचार बदलतोय, टॅम्सिनला वाटलं. आत्ता तो उठेल, पुढच्या वेळी बघू म्हणेल आणि विमानात बसेल.

तिने घाईने ती अंगठी बोटात चढवली. एकच हिरा, साधा, स्वच्छ. तिला ती आवडली. पण पेरापाशी ती घट्ट बसली, आणि काढू गेली तर निघेना.

"ओढू नकोस," वेरा म्हणाल्या. "थांब, साबण लावू."

टॅम्सिनने ओढलीच. अंगठी सुटली, काउंटरच्या कडेवर टणकन आपटली आणि फरशीवर घरंगळत गेली.

रोजच्या सवयीने टॅम्सिन वाकायला निघाली. पण त्याची गरजच पडली नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत कॅलम खाली गेला होता. एक गुडघा फरशीवर टेकलेला, चिमटीत अंगठी, आणि तो तिच्याकडे वर बघून हसत होता. तीन वर्षं तिने मनात जसं पाहिलं होतं, अगदी तसंच.

तिचे डोळे भरून आले. ओठांवर 'हो' आलंसुद्धा. हा आनंद कुणाला तरी दाखवावा म्हणून तिने वेरांकडे पाहिलं.

काउंटरमागे वेरा दोन्ही हात वर करून उभ्या होत्या, आणि कॅलमकडे टक लावून बघत होत्या.