कारखान्याच्या जागेतले बटाटे

फिटरने बटाट्यांची पिशवी ओट्यावर ठेवली. आपल्या वाफ्यातले आहेत म्हणाला, पहिला मान वहिनींचा.

शिंपीण मशीनवरून उठली नाही. पडद्याची शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला, मग पिशवीत डोकावली. बटाटे लहान होते, पण एकालाही डाग नव्हता की कीड नव्हती. अंगाला काळी माती चिकटलेली. इतके चांगले बटाटे पाहून तिला जास्तच शंका आली.

वाफ्याची जागा समोरच होती. तिथला बॅटऱ्यांचा कारखाना कधीच बंद पडला होता. मग भिंती पाडल्या, ट्रक भरभरून विषारी झालेली माती उपसून नेली आणि कुठूनशी दुसरी आणून ओतली. आता पालिकेने पाटी लावली होती की जमीन साफ आहे, हवा त्याने वाफा घ्यावा. वाफा घेतला एकट्या फिटरने. माती उपसायच्या कामावर तो होताच, त्यामुळे बोलायचा त्याला हक्क होता आणि बोलायचाही तो भरपूर. गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं होती. आता बघा, माणसं परत येतील, दुकानं उघडतील, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा.

शिंपिणीला एकाच माणसाच्या परत येण्याशी कर्तव्य होतं. तिचा मुलगा बायको आणि लेकराला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहत होता. पाटीवर माझा विश्वास नाही आई, तू सांग, तू हो म्हणालीस तर रविवारी सामान आणतो, असं तो फोनवर म्हणाला होता. मशीनवरचा पडदा त्याच्याच खोलीचा. पडदा होत आला होता आणि तिचं उत्तर ठरत नव्हतं.

"भाऊजी, तुमच्या घरी काय केलं यांचं?" तिने विचारलं.

फिटरने डोकं खाजवलं. बायकोला वेळच झाला नाही म्हणाला. परवा गॅस संपला, काल व्याही आले. शिवाय आधी तुम्हाला द्यायचे, मग घरी न्यायचे, असं त्याने मनाशी धरलं होतं. एवढ्याशा बटाट्याला किती ही कारणं, शिंपिणीच्या मनात आलं.

"मग बसा. इथेच खाऊन जा."

फिटर हसला. "तुमच्याकडे? पोट बिघडल्यापासून तुम्ही घरात मिरचीचा डबासुद्धा ठेवत नाही. आजाऱ्याचं जेवण वाढणार मला."

"आजाऱ्याचं तर आजाऱ्याचं. बसा."

तो बसला. त्याच्याबरोबर त्याची तीन वर्षांची नात होती. ती टेबलाखाली शिरून चिंध्या गोळा करू लागली. शिंपिणीने बटाटे धुतले. पाणी बदलून पुन्हा धुतले. भाजी धुतलेलं पाणी ती नेहमी खिडकीतल्या कुंडीला घालायची. आज मोरीत ओतलं. फिटरने ते पाहिलं.

बटाटे शिजत असताना ती म्हणाली, तुम्ही म्हणत असाल तर मुलाला आत्ताच कळवते.

"कळवा की. या हातांनी खणलीय ती जागा. अगदी खालपर्यंत."

तिने बटाटे सोलले, वर मीठ आणि लोणी घातलं आणि ताटली त्याच्यापुढे ठेवली. स्वतः ओट्याला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. फिटर खाऊ लागला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला. त्यात नाटक नव्हतं, भुकेला माणूस खातो तसा तो खात होता. शिंपिणीचे खांदे सैल झाले. इतके दिवस आपण उगाच त्या पाटीला नावं ठेवली, असं तिला वाटलं. तिने फोन हातात घेतला आणि मुलाचा नंबर शोधला.

नात टेबलाखालून निघाली, आजोबाच्या मांडीवर चढली आणि ताटलीतल्या बटाट्याला तिने हात घातला.

फिटरने कोपर मध्ये आणलं. बटाटा तिच्या मुठीतून काढून घेतला, ताटली पार पलीकडे सरकवली आणि तिची बोटं आपल्या सदऱ्याला पुसली. एकेक बोट पुसलं.

"नको गं बाळा," तो म्हणाला. "तिखट आहे."

फिटर मान खाली घालून खात राहिला, ताटली रिकामी होईपर्यंत खात राहिला.

शिंपिणीने फोन ठेवला. डब्यातून एक बिस्किट काढून पोरीच्या हातात दिलं. मग मशीनवरचा पडदा काढला, आणि राहिलेली कड तशीच ठेवून त्याची घडी घातली.