उपाशी मोरी

स्वयंपाकघरात वास येऊ लागला, तसं कालिंदीबाईंनी प्लंबरला बोलावलं. त्यानं सिंकखालचा पाइप उघडून आत बॅटरी मारली. खरकट्यावर वाढणारं आतलं शेवाळ हिरवंगार असायला हवं होतं. ते पार करडं पडलं होतं.

"काकू, पाइप तुंबलेला नाही, उपाशी मरतोय. घरात स्वयंपाक होत नाही का?"

"हे गेल्यापासून नाही. एकटीसाठी काय रांधायचं? चहा-बिस्किटांवर भागतं माझं."

"तुमचं भागेल, याचं नाही भागत. रोज तांदळाचं धुवण ओता, जगेल."

तो गेल्यावर कालिंदीबाईंनी वाटीभर तांदूळ धुतले आणि धुवण सिंकमध्ये ओतलं. पाइपानं ते घटाघटा ओढून घेतलं.

धुतलेले तांदूळ काही टाकवेनात. पाइपाच्या नावानं बोटं मोडत त्यांनी कुकर लावला.