जुलीची चूक

सुरुंगाचा वास घेणारी कुत्री जुली निवृत्त झाली, तेव्हा तिला सांभाळणारा जवान भाविक तिला वळ गावी आपल्या घरीच घेऊन आला. रोज जवानांच्या गाड्यांपुढे चालत रस्ता तपासायचा, हे त्या दोघांचं काम होतं. एका सकाळी त्यांच्या मागून आलेल्या गाडीखाली स्फोट झाला आणि गाडीतला जवान सार्थक गेला. कुत्रीला वास आला नाही, असं चौकशीत ठरलं आणि जुलीला मुदतीआधीच निवृत्त केलं.

वर्षश्राद्धाचं सांगायला सार्थकचे वडील केसरीनाथ गणेशपुरीहून आले. अंगणात कुत्री पाहून ते जागीच थांबले.

"हीच का ती?"

"हो काका."

"माजा पोरगा हिच्या भरवशावर गाडीत बसला व्हता." त्यांनी भिंतीला टेकवलेली काठी उचलली. जुली शेपटी हलवत त्यांच्याकडे निघाली, तसा भाविक मध्ये आला.

"मारायचं तर मला मारा, काका. वास आला का ती खाली बसते. त्या दिवशी पन बसली व्हती, दोनदा. मागं गाड्या खोळंबल्या व्हत्या. मला वाटलं, दमली असंल. मीच पट्टा ओढून तिला पुढं नेली."

केसरीनाथांच्या हातातली काठी तशीच राहिली.

"मंग चौकशीत का न्हाय सांगितलंस?"

भाविकला वर बघवेना.

"साहेबांनी इचारलं, कुत्री बसली व्हती का? मी न्हाय म्हनलो. तिला कुठं बोलता येतंय, काका!"