नकाशात नसलेला ओढा

पारडी पुन्हा रेकली. आवाज सयाजीच्या साडी सेंटरमधल्या फरशीखालून आला.

"माझीच हाय," ठमाबाई म्हणाली. गाळ्यांच्या मागं ओढा स्लॅबखाली शिरतो, तिथं पाय घसरून तिची सहा महिन्यांची पारडी आत गेली होती. पाण्यानं ढकलत इथवर आणली, पुढं जाळीला अडकली. मागून दोर पोचत नव्हता. घरात दुसरं जनावर नव्हतं.

नगरपालिकेच्या ओव्हरसियरनं काउंटरवर नकाशा पसरला. "ओढा मारुतीच्या देवळापाशी संपतो."

"संपतो? मंग फुडं पानी कुठं जातं?"

"पुढं बाजारपेठ आहे."

पारडी रेकली. ओव्हरसियर सभ्य माणूस. तिचं होईस्तोवर थांबला.

तेवढ्यात तळेघरची एसटी लागली. निथळत्या ड्रायव्हरनं दुकानाच्या दारातूनच सांगितलं, "डोंगरावर लई झोडपतोय राव. तासाभरात ओढा भरंल."

"कुठला ओढा?" तीन दुकानदारांनी एकदम विचारलं.

ठमाबाई सयाजीकडं वळली. "भाऊ, येक फरशी काढू द्या. पहार द्या, मीच फोडते."

"आत्या, फरशीचं काय न्हाई वो. खाली ओढा निघाला, तर बावीसचे बावीस गाळे पाडतील. ओढ्यावर बांधायला बंदी हाय." मग त्यानं ओव्हरसियरकडं बघितलं. "म्हंजी, ओढा असता तर."

ओव्हरसियरनं पंचनामा लिहिला. जागेची समक्ष पाहणी केली. खाली ओढा नाही. सबब पारडी नाही. बावीस दुकानदारांनी सह्या केल्या. बांगड्यावाली झुंबरबाई अंगठा उठवताना रडली, पण अंगठा स्वच्छ उठला.

मग पाऊस इथंही आला. फरशीखाली गुरगुर सुरू झाली. पारडी आता न थांबता रेकत होती आणि गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरत होती. सयाजीनं टीव्हीचा आवाज वाढवला. शेजारच्यानंही वाढवला. बावीस गाळ्यांत एकच सासू एकाच सुनेला हिंदीतून घराबाहेर काढत होती.

थोड्या वेळानं टीव्ही मोठा ठेवायची गरज उरली नाही.

ठमाबाई फरशीला कान लावून पडून होती. सयाजीला वाईट वाटलं. त्यानं प्लास्टिकची खुर्ची तिच्यापाशी सरकवली.

"उठा आत्या. तितं बारमाही ओल असती."